चार मात्रांची मोकळी जागा

आमच्या वडशाच्या घरात चार खोल्या होत्या. त्यांतली सगळ्यात मोठी, हवेशीर आणि पावसात न गळणारी खोली भोंग्यांची होती. माणसं उरलेल्या तिन्हींत. अब्बांची साउंड सर्व्हिस होती: दोन अॅम्प्लिफायर, एक कॅसेट डेक, सहा माइक, नऊ भोंगे आणि वायरीची वेटोळी. ती वेटोळी मी दर आठवड्याला मोजायची, कारण नाटकांच्या हंगामात प्रत्येक गावाहून वायर थोडी आखूड होऊन परत यायची. सकाळी शेजारच्या राइस मिलचा धडधडाट सुरू झाला की त्या आवाजाच्या वरताण अब्बा माइक तपासत, ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’, आणि अम्मी स्वयंपाकघरातून ओरडे, ‘थ्रीच्या पुढं बी कधी जा!’ घरभर उकडलेल्या धानाचा वास, त्यात अम्मीच्या वांगी-झिंग्यांच्या भाजीचा. सुक्या झिंग्यांचा वास भोंग्यांच्या खोलीत शिरू नये म्हणून अब्बा दार लावून घेत. आमच्या अंगाला तो वास लागला तर त्यांची हरकत नसे.

मी बारावी झाले होते आणि डी.एड.ला नंबर लागायची वाट बघत होते. वाट बघणाऱ्या मुलीला घरात दोनच कामं असतात, एक भाकरी आणि दुसरं स्थळ. दोन्ही टाळायला मी अब्बांच्या धंद्याच्या वह्या हातात घेतल्या. कुठला सेट कुठल्या गावी, किती वायर, कोण माणूस जबाबदार, कुठला माइक कोणत्या नटाने आपटला, सगळं लिहून. अब्बांना हे इतकं आवडलं की पुढे मशीनवरही मीच बसू लागले. वडशात त्या काळी मशीनवर बसलेली मुलगी बघायला लोक यायचे. आता विचार करते तर वाटतं, निम्मी गर्दी मी आणत होते आणि टाळ्या नटांना मिळत होत्या.

गिरजाबाई आमच्याकडे आली ती मात्र नाटकवाल्यांबरोबर नव्हे. सावली गावाकडची, धानाच्या बांधीत रोवणी, म्हणजे भाताची लावणी करणारी बाई. वय चाळिशीचं. रोवणीत सगळ्याच बाया गातात, पण हिचा आवाज तिसऱ्या बांधीपर्यंत जायचा, म्हणून दारूबंदीवाल्या बायांनी तिला सभांना न्यायला सुरुवात केली होती. सभा असली की अब्बा सेट देत, आणि सेटबरोबर मी जाई. तिची पद्धत ठरलेली. दुपारी गावात पोचायचं, बोअरिंगच्या हापशीवर जाऊन बसायचं आणि पाणी भरणाऱ्या बायांना विचारायचं, ‘तुमच्या गावात कोन विकते वं?’ बाया आधी इकडेतिकडे बघत. मग एक जण हळूच नाव सांगे, दुसरी घर दाखवी, तिसरी त्याचा साळाही सांगून टाकी. गिरजाबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून नावं मी वहीत उतरवून घेई. संध्याकाळी पाच-सहाशे माणसांसमोर, त्या माणसासमोर, त्याच्या साळ्यासमोर ती गाई:

‘पिप्याले फुटले पाय गं बाई, पिप्याले फुटले पाय,
कोन्या घरी जाऊन बसला, सांगू का नाव काय?’

आणि मग नाव. अमक्याच्या घरी गं बाई, अमक्याच्या घरी. गाणं एकच, नाव दर गावी नवं. लोक गाण्यासाठी येत नसत, नावासाठी येत. नावाच्या आधी कडवी भरपूर लांबवायची आणि सगळ्या सभेला घाम फुटला की नाव घ्यायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. नाव घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी दारूचे पिपे हलवी. पुष्कळदा फक्त घरामागे हलवी, पण हलवी.

एका गावी तिने सरपंच देवाजीचं नाव घेतलं. देवाजी हा गावाच्या व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्षही होता. एकाच माणसाकडे दोन्ही खाती असल्यामुळे समितीला दारूची माहिती कधी कमी पडत नसे. नाव घेताक्षणी गावाची वीज गेली. त्या गावात वीज जाणं नवलाचं नव्हतं, पण ‘देवाजी’ या शब्दाबरोबर जाणं नवलाचं होतं. भोंगे मुके झाले. गिरजाबाईने उरलेलं गाणं तसंच, गळ्याच्या जोरावर, शेवटच्या माणसापर्यंत पोचवलं.

त्या गावापासूनच तिचा गळा बसला असं तिचं म्हणणं. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून बघितलं आणि सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, त्यानंतर सहा महिने गाणं तर सोडाच, कुजबुजही नाही, नुसते ओठसुद्धा हलवायचे नाहीत. पुढे गाता येईल का, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी दोनदा खोकून विषय बदलला.

गिरजाबाई आमच्या ओसरीवर येऊन बसली. अम्मीने तिच्यापुढे तांदळाची भाकर आणि अंबाडीची भाजी ठेवली. तिने ताट बाजूला सरकवलं. ‘मंग आवंदा गावागावात कोन जाईन?’

‘कॅसेट जाईल,’ अब्बा म्हणाले. ‘बाई, माणूस एका दिवशी एका गावी जाते. कॅसेट दहा गावी जाते. अन् तिचा घसा नाई बसत.’

‘नाव घेईन का पन थे?’

‘तू घेशील तं थे घेईन.’

इतकं साधं उत्तर देऊन अब्बा वायर गुंडाळायला गेले. त्यांनी उभ्या आयुष्यात इतका गुंतागुंतीचा प्रश्न इतक्या सहज कधी सोडवला नव्हता, आणि तो अर्थातच सुटलेला नव्हता.

कॅसेट काढणारा चंदूशेठ नागपूरचा. हंगामात तो वडशाला यायचा आणि नाटक कंपन्यांची गाणी विकत घेऊन जायचा. पान खात त्याने गिरजाबाईला ऐकलं, डोळे मिटले, ‘वा’ म्हणाला आणि अट सांगितली. ‘आठ गाणी. चार समाजासाठी, चार समाजाच्या लग्नासाठी. नुसत्या समाजावर कॅसेट चालत नाही, बाई. लोकांना सुधारायचं असतं, पण नाचून झाल्यावर.’ लग्नाची गाणी त्याच्याकडे तयारच होती. त्यांतलं मुख्य गाणं असं होतं की घरात टीव्ही आणलाय, पण चित्र मुंग्यांसारखं दिसतं, तर ‘फिरव सजणा अँटिना, माझा चॅनल लागंना’. गिरजाबाईने ते शब्द माझ्याकडून तीनदा वाचून घेतले आणि गंभीरपणे विचारलं, ‘टीव्ही कोनाचा हाय?’

‘कोणाचाही,’ चंदूशेठ म्हणाला.

‘आमच्या गावात एकच हाय. शाळेले भेटला होता. थो मास्तरच्या घरी चालून राह्यला.’

छोट्या रेल्वेने नागभीडवरून आम्ही नागपूरला गेलो. अब्बा, मी आणि गिरजाबाई. तिच्या पिशवीत रोवणीच्या दोन मैत्रिणींनी दिलेले उडदाचे वडे होते, कारण शहरात खायला काय मिळतं याची त्यांना खात्री नव्हती. स्टुडिओ म्हणजे एका गल्लीतली माडी. भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे चिकटवलेले, खाली गाद्या, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट आणि दारावर लाल दिवा. गिरजाबाईने ट्रे बघितले आणि माझ्या कानात म्हणाली, ‘एवढे अंडे खाते कोन वं?’ कीबोर्ड वाजवायला एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला राजू नावाचा पोरगेलासा माणूस होता. त्याने नवा कीबोर्ड घेतला होता आणि त्यात शंभर आवाज आहेत हे तो प्रत्येकाला प्रत्यक्ष ऐकवून सांगत होता. कुत्रा, घोडा, ट्रकचा हॉर्न, मोडणारी काच.

लग्नाची गाणी आधी झाली. अँटिनाच्या गाण्यात लिहून दिलेल्या शब्दांपुढे गिरजाबाईने आपलं एक कडवं जोडून टाकलं, की शाळेचा टीव्ही गेला कुठी, मास्तरच्या ओट्यावर. चंदूशेठने हात वर केला, पण राजू ठेक्यात रंगला होता आणि कडवं तालात बसत होतं, म्हणून हात खाली घेतला. मग पिप्याचं गाणं. लाल दिवा लागला, ढोलकी सुरू झाली, गळा बसलेला असूनही तिने असा आवाज लावला की काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टने मीटरच्या सुया बघून बटण खाली आणलं. पहिलं कडवं झालं. ‘सांगू का नाव काय?’ आणि ती थांबली. ढोलकी दोन फेरे एकटीच फिरली आणि लाजून बंद पडली.

‘काय झालं?’ चंदूशेठने विचारलं.

‘गाव कोनतं हाय?’

‘गाव नाही, बाई. कॅसेट आहे.’

‘मंग नाव कोनाचं घेऊ?’

आता मला आश्चर्य वाटतं की हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच आधी सुचला नव्हता. मला तर सुचायलाच हवा होता, माझ्याजवळ एकवीस गावांतल्या दारू विकणाऱ्यांची नावं असलेली वही होती. मी ती काढली. चंदूशेठने दोन पानं चाळली आणि त्याचा विडा गालात थांबला. ‘पोरी, ही यादी कॅसेटवर गेली तर मला एकवीस कोर्टांत उभं राहावं लागेल. नाव नको. “त्याच्या घरी” म्हणा. “दुष्टाच्या घरी” म्हणा.’

गिरजाबाईने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. ‘दुष्टाच्या घरी गं बाई’ असं ती दोनदा गायली आणि तिसऱ्यांदा माइकपासून दूर झाली. ‘दुष्टाच्या घरी कोन जाईन शोधाले? दुष्ट कोन्या वॉर्डात राह्यते?’ तिने पदराने तोंड पुसलं. ‘शेठ, माह्या गळ्यात आता आठ-पंधरा दिवसाचंच गानं हाय. थे भिंतीले शिव्या देन्यात नाई घालवाची मले.’

चंदूशेठने विडा दुसऱ्या गालात सरकवला. अब्बा छताकडे बघू लागले. उपाय मी काढला, आणि तो माझा होता हे मी आजवर कोणाला विसरू दिलेलं नाही. नावाची जागा मोकळी ठेवायची. ‘सांगू का नाव काय?’ नंतर चार मात्रा काहीच नाही, गळा नाही, कीबोर्ड नाही, नुसती ढोलकीची थाप. आणि मग ‘च्या घरी गं बाई’. ज्या गावी वाजेल त्या गावाने आपलं नाव घालावं. चंदूशेठला कोर्टाची भीती नाही आणि गिरजाबाईला भिंतीची नाही. तिने विचार केला. ‘लोक घेतीन का पन?’

‘हापशीवर तुम्हाला सांगतातच की.’

‘माह्या कानात सांगते थे. तोंडानं मोठ्यानं घेनं येगळं असते, बेटा.’ पण ती गायली. प्रत्येक मोकळ्या जागेत तिचे ओठ आवाजाविना हलत होते. काचेतून मला दिसत होतं की ती दर वेळी वेगळं नाव घेत होती. एकच फेरी, एकदाच. त्या एका फेरीत जे काही राहिलं होतं ते तिने सगळं दिलं, आणि खाली उतरल्यावर तिचा आवाज इतका गेला होता की रिक्षावाल्याला ‘स्टेशन’ एवढंही मला सांगावं लागलं.

आम्ही गाडी पकडायला निघालो आणि मागे राजू राहिला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात रिकामी जागा ही चूक असते. तिथे कोणाचा तरी हात थांबला असं लोकांना वाटतं. शिवाय त्याच्याकडे शंभर आवाज होते. त्याने कोणालाही न विचारता, अतिशय सद्भावनेने, आमच्या सगळ्या मोकळ्या जागा भरून काढल्या. कॅसेट वडशाला आली तेव्हा अब्बांनी ती डेकमध्ये घातली आणि आम्ही तिघं ऐकायला बसलो. ‘सांगू का नाव काय?’ ट्रकचा हॉर्न. ‘पों पों’च्या घरी गं बाई, ‘पों पों’च्या घरी. अम्मी इतकी हसली की तिला ठसका लागला. अब्बा हसले नाहीत. गिरजाबाईचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं होतं. तिला कॅसेट ऐकवायची कोणी, यावर आमच्या घरात दोन दिवस चर्चा झाली आणि ती कोणीच ऐकवली नाही. कव्हरवर काळा चष्मा लावलेली एक अनोळखी मुलगी होती आणि कोपऱ्यात गिरजाबाईचा पासपोर्ट फोटो, हरवलेल्या माणसाचा असतो तसा. चंदूशेठने समाजाची आणि लग्नाची अशा वेगळ्या बाजू केल्याच नव्हत्या. एक समाजाचं, एक लग्नाचं, अशी खिचडी लावली होती, म्हणजे नाचणाऱ्याला समाज चुकवता येऊ नये आणि समाजसेवकाला नाच.

कॅसेट तुफान चालली. रिक्षात, पानठेल्यावर, लग्नात. पोरं शाळेत जाताना पिप्याचं गाणं म्हणत आणि हॉर्नच्या जागी सगळी मिळून ‘पों पों’ करत. सगळ्यात जास्त आनंद देवाजीला झाला. तो चौकात सांगू लागला, ‘बगा, एवढी मोठी नागपूरची कॅसेट हाय. माहं नाव असतं तं त्यात नसतं का? तपासूनच काढते थे लोक.’ त्याच्या लेखी ती कॅसेट म्हणजे त्याच्या निर्दोषपणाचा दाखला होता, आणि तो दाखला जाहीर वाचून दाखवायला त्याने मुलाच्या लग्नाचा मुहूर्त निवडला. सेट आमचा. प्रमुख पाहुणी गिरजाबाई, शाल आणि नारळ देऊन सत्कार. तिने जायचं का, हे मी तिला विचारलं. बोलायची बंदी होती. तिने कानाकडे बोट केलं. ऐकायचं आहे.

लग्न भर दुपारी, मे महिन्यातलं. मांडवाखाली उष्ण वारा, मागे चुलाण्यांवर भाताचे हंडे आणि तिथे वाढायला-रांधायला गावातल्याच बाया. त्यांतल्या कितीतरी जणी मला हापशीवरच्या ओळखीच्या होत्या. वरपक्ष उजवीकडे, वधूपक्ष डावीकडे. वधूकडची मंडळी वैनगंगेच्या पलीकडच्या एका लांबच्या गावची, जिथे आमचा सेट कधी गेला नव्हता आणि गिरजाबाईही नाही. अक्षता पडल्या. देवाजीने फेटा सावरून माइक हातात घेतला. ‘आता आपल्या गिरजाबाईचं पिप्याचं गानं. माहं लई आवडतं गानं हाय. नजमा बेटी, लाव बरं. आवाज मोठा ठेव!’

मी लावलं. पहिल्या जागी हॉर्न वाजला, पोरांनी ‘पों पों’ केलं आणि देवाजीने दोन्ही हात पसरून सभेला दाखवलं, की बघा, कुठे आहे माझं नाव? मी गिरजाबाईकडे बघितलं. शाल खांद्यावर, नारळ मांडीवर. ऑपरेशननंतर ती घराबाहेर पडलीच नव्हती, त्यामुळे हॉर्न तिने पहिल्यांदाच ऐकला होता. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाहुण्यांच्या घरी आपली भाकर कुत्र्याने नेलेली दिसावी आणि काही बोलता येऊ नये, तसं काहीतरी होतं. तरी ओठ हलत होते. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही, दर चार मात्रांना.

आवाजाचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. दुसऱ्या जागी हॉर्न यायच्या आधी मी ते पूर्ण खाली आणलं आणि ‘च्या घरी’ला पुन्हा वर. मांडवात चार मात्रांची शांतता पडली. पोरांची ‘पों’ अर्धवट निघून विरली. देवाजीने माझ्याकडे बघितलं, ‘मशीन बिघडली का वं?’ मी डेकवर वाकले. तिसऱ्या जागी पुन्हा शांतता, आणि मला खरंच घाम फुटला, कारण कोणीच काही म्हणेना. गिरजाबाई म्हणाली होती ते बरोबर होतं, कानात सांगणं वेगळं. अब्बा मांडवाच्या खांबापाशी उभे होते. त्यांनी माझा अंगठा बघितला, मग देवाजीला बघितलं, मग माझ्याकडे पाठ करून एक अजिबात न तुटलेली वायर तपासायला खाली बसले.

चौथ्या जागी चुलाण्यामागून एक आवाज आला. बारीक, घाबरलेला, पण स्पष्ट. ‘देवाजी!’ आणि भोंग्यांतून गिरजाबाईने पुढे नेलं, ‘च्या घरी गं बाई’. कोणीतरी हसलं. पाचव्या जागी भात वाढणाऱ्या सगळ्या होत्या, हातातले पळे वर करून, ‘देवाजी!’

‘बंद कर!’ देवाजी ओरडला. ‘बंद कर म्हनतो ना!’

‘बटन अडकलं, काका,’ मी म्हटलं. आयुष्यात धंद्याच्या बाबतीत मी खोटं बोलले ते एवढंच.

तो माझ्याकडे यायला निघाला आणि अर्ध्यात थबकला, कारण सहावी जागा आली होती आणि या वेळी आवाज डावीकडून आला. वधूकडच्या बायांकडून. सरावलेल्या, एका दमात. त्यांना वाट बघावी लागली नाही. त्या हॉर्नच्या जागी घरी रोजच हे म्हणत असाव्यात. ‘वासुदेव!’ च्या घरी गं बाई, ‘वासुदेव!’ च्या घरी. वासुदेव म्हणजे नवरीचा बाप. तो हातात अक्षता घेऊन मांडवाच्या मधोमध उभा होता. देवाजीने वळून आपल्या व्याह्याकडे बघितलं, व्याह्याने देवाजीकडे, आणि सोयरीक जुळवताना जे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं ते दोघांनाही एकदमच कळलं. मला वाटतं देवाजीच्या चेहऱ्यावर थोडा दिलासाही होता.

गिरजाबाई त्या अनोळखी बायांकडे टक लावून बघत होती. नदीपलीकडच्या गावी ती गेली नव्हती, त्या बायांना तिने कधी काही विचारलं नव्हतं, वासुदेवाचं नाव तिने ऐकलंही नव्हतं. गाणं अजून बाकी होतं. सातवी जागा आली, मी आवाज खाली आणला, उजवीकडून एक आणि डावीकडून दुसरं अशी दोन्ही नावं एकाच वेळी मांडवाच्या कापडाला धडकली. तेव्हा तिने पदराचं टोक घेऊन आपल्या तोंडावर धरलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांचं तिने पहिल्यांदाच पुरतं ऐकलं.